तगरीवरची शिंगवाली अळी आणि तिचा हिरवा पतंग: ओळख कशी पटवावी, वाढ कशी पाहावी

पावसाळ्यात तगरीचे कोवळे शेंडे एकाएकी बोडके झालेले दिसले, की त्यामागे बहुतेक वेळा एकच कीटक असतो: कण्हेरीचा पतंग, ज्याला इंग्रजीत ओलिअँडर हॉक मॉथ म्हणतात, किंवा नेमके सांगायचे तर त्याची अळी. डॅफ्निस नेरी हे त्याचे शास्त्रीय नाव असून १७५८ साली लिनियसने त्याची नोंद केली. आफ्रिकेत आणि आशियाच्या उष्ण भागांत तो सर्वत्र आढळतो, उन्हाळ्यात स्थलांतर करत युरोपातही पोहोचतो, आणि महाराष्ट्र-गोव्यात तर सोसायटीच्या कुंपणापासून देवळाच्या आवारापर्यंत जिथे तगर, कण्हेर किंवा सदाफुली लावलेली असते तिथे तो येण्याची शक्यता असते. इतका मोठा, देखणा आणि सहज सापडणारा पतंग असूनही बहुतेक घरांत त्याची ओळख ‘झाड खाणारी हिरवी अळी’ यापलीकडे जात नाही, आणि ती दिसताच फवारणीचा पंप बाहेर निघतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कोणत्याही उपकरणाशिवाय, घरच्या कुंडीत, अंड्यापासून पंखांपर्यंतचा सगळा प्रवास साधारण पाच ते सहा आठवड्यांत पाहता येईल असे कीटक आपल्या आसपास फार नाहीत.

पतंगांची ओळख शिकू पाहणारे बहुधा पंखांच्या चित्रांपासून सुरुवात करतात. माझा आग्रह याच्या उलट आहे. आधी झाड ओळखावे, मग अळी, आणि पंख सर्वांत शेवटी. प्रौढ पतंग रात्री उडतो आणि दिसला तरी क्षणभरच दिसतो. अळी मात्र आपल्या झाडाला जवळजवळ तीन आठवडे बांधलेली असते आणि भलत्या झाडाचे पान ती सहसा तोंडात धरत नाही. कारवारला वनखात्यात अधिकारी असलेले टी. आर. बेल यांनी उत्तर कानडा जिल्ह्याच्या जंगलांत हॉक मॉथच्या, म्हणजे हा पतंग ज्या कुळात येतो त्या कुळातल्या पतंगांच्या, अळ्या शोधून त्या स्वतः वाढवल्या, आणि एफ. बी. स्कॉट यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतातील या कुळावरचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. पतंग टाचणीला लावून त्याचे वर्णन करणे एवढ्यावर न थांबता तो कोणत्या झाडावर, कसा वाढतो हे पाहण्याची ही रीत आजही हौशी निरीक्षकाला सर्वांत जास्त उपयोगी पडते.

झाड कोणते

या अळीची बहुतेक झाडे एकाच कुळातली, म्हणजे करवीर कुळातली आहेत. आपल्याकडे ती सर्वाधिक सापडते ती तगरीवर, विशेषतः पूजेच्या फुलांसाठी लावलेल्या दुहेरी पाकळ्यांच्या तगरीवर. त्याखालोखाल कण्हेर, सदाफुली आणि अलीकडे गच्चीवरच्या कुंड्यांत सर्रास दिसणारे अडेनियम यांची पाळी येते. सातवीण आणि करवंद यांच्यावरही तिची नोंद आहे. या सगळ्या झाडांची एक समान खूण म्हणजे पान तोडताच देठातून पांढरा चीक येतो. हा चीक आणि विशेषतः कण्हेरीचा प्रत्येक भाग माणसाला विषारी असतो; कण्हेरीतील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. म्हणून अळ्या शोधताना आणि पुढे त्यांना पाने पुरवताना प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, डोळ्यांना हात लावू नये आणि लहान मुलांना एकट्याने पाने तोडू देऊ नयेत. अळीपासून मात्र कसलाच अपाय नाही. तिला केस नाहीत, ती डंख करत नाही आणि मागचे शिंग मऊ असते.

अळीआधी तिच्या खुणा

हिरव्या झाडावरची हिरवी अळी शोधू म्हटल्यास सापडत नाही. शोधायच्या असतात त्या तिच्या खुणा. सकाळी झाडाखालची फरशी, कुंडीतील माती आणि खालची रुंद पाने पाहावीत. पूर्ण वाढीला आलेल्या अळीची लेंडी मिरीच्या दाण्याएवढी, आधी गडद हिरवी आणि वाळल्यावर काळी असते. ती भिंगाखाली धरली तर तिच्यावर लांबीच्या दिशेने सहा खाचा स्पष्ट दिसतात. हॉक मॉथच्या कुळातील अळ्यांची ही ठेवणच असल्यामुळे अळी दृष्टीस पडण्यापूर्वीच कूळ निश्चित होते. लेंड्या ताज्या आणि ओलसर असतील तर अळी बरोबर वरच्या फांद्यांवर कुठेतरी असते. सुकलेल्या असतील तर ती पुढे सरकली आहे असे समजावे.

दुसरी खूण पानांची. ही अळी पानाच्या कडेपासून खायला सुरुवात करते आणि मोठी झाल्यावर शेंड्याची संपूर्ण पाने संपवून नुसता देठ ठेवते. कळ्या आणि फुलेही ती खाते. पानाच्या मधोमध भोके असतील, किंवा पानावर वाळलेल्या चिकट लाळेचा चमकणारा माग असेल तर तो उद्योग दुसऱ्या कोणाचा, बहुधा गोगलगायीचा असतो. गुलाबाच्या पानाला कडेने व्यवस्थित अर्धवर्तुळाकार कापे दिसतात तेही अळीचे नसतात. पाने कातरून घरट्यासाठी नेणाऱ्या माशीचे ते काम असते.

खुणा सापडल्या की झाडापुढे बसून खालून वर पाहावे. लहान अळी पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेला धरून बसते, तर मोठी अळी दिवसा बरेचदा खालच्या, जाड फांदीला चिकटून राहते आणि खाण्यासाठी शेंड्याकडे चढते. रात्री विजेरी घेऊन गेल्यास शोध पुष्कळ सोपा होतो.

अंडे आणि अळीचे पाच टप्पे

मादी अंडी एकेक करून, बहुधा कोवळ्या पानांवर घालते. अंडे गोलसर, गुळगुळीत, फिकट हिरवे आणि साधारण दीड मिलिमीटर व्यासाचे असते. एका झाडावर ती विखुरलेली असल्यामुळे एक सापडले की शेजारची पाने दोन्ही बाजूंनी तपासावीत. आपल्याकडच्या उबदार हवेत तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते.

नुकतीच बाहेर आलेली अळी तीन-चार मिलिमीटर लांबीची आणि पिवळसर असते, आणि तिच्या मागच्या टोकाला शरीराच्या मानाने फारच लांब, केसासारखे बारीक, काळे शिंग असते. या वयात डोळ्यांचे ठिपके दिसत नाहीत म्हणून अनेकांची ओळख चुकते, पण तगरीच्या कोवळ्या पानाखाली पिवळी अळी आणि लांब काळे शिंग एवढी जोडी सापडली तरी शंका घेण्याचे फारसे कारण उरत नाही. पाने खाऊ लागताच ती हिरवी होत जाते.

एकूण पाच अवस्थांमधून ती वाढते, म्हणजे मोठी होईपर्यंत ती चार वेळा कात टाकते. कात टाकण्याआधी साधारण एक दिवस ती खाणे सोडून एका जागी निश्चल राहते, आणि तिचे डोके शरीराच्या मानाने एकदम लहान वाटू लागते, कारण नवे, मोठे डोके जुन्या कवचाच्या मागे तयार होत असते. नवशिके या वेळी अळी आजारी आहे असे समजून तिला हलवतात, आणि नेमका इथेच घात होतो: तिने पायांखाली रेशमाची बारीक जाळी विणून पकड घेतलेली असते, आणि ती पकड सुटली तर जुनी कात नीट निघत नाही. अशा अळीला स्पर्शही करू नये. कात टाकून झाल्यावर डोक्याचे जुने कवच सुटे होऊन खाली पडते. ही कवचे दिनांक लिहून छोट्या पाकिटात जपून ठेवली, तर अळी कोणत्या अवस्थेत आहे हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवता येते.

तिसऱ्या अवस्थेच्या सुमारास मानेमागे, म्हणजे छातीच्या तिसऱ्या वलयावर, दोन्ही बाजूंना डोळ्यासारखे ठिपके उमटू लागतात. शेवटच्या अवस्थेत ते पूर्ण खुलतात: मध्ये निळसर पांढरा रंग आणि भोवती काळी कडा. या अळीची सर्वांत खात्रीची खूण हीच. शांत बसलेल्या अळीचे हे डोळे कातडीच्या घडीत अर्धवट झाकलेले असतात. तिला हलकेच धक्का लागला की ती डोके खाली आत ओढून घेते, छातीचा भाग फुगतो आणि ते दोन्ही ठिपके एकदम समोर येतात. ज्या पक्ष्याला हिरवी अळी टिपायची होती त्याच्यापुढे क्षणात टवकारलेले दोन मोठे डोळे उभे राहतात. हे एकदा पाहावे, पण पुन्हा पुन्हा डिवचून पाहू नये.

याखेरीज शेवटच्या अवस्थेत तीन गोष्टी तपासाव्यात. एक, अंगाच्या दोन्ही बाजूंनी पोटाच्या भागावर शिंगाकडे जाणारा पांढरा पट्टा आणि त्याच्या वरखाली विखुरलेले बारीक पांढरे ठिपके. दुसरी, शिंग. लहानपणीचे लांब काळे शिंग आता आखूड, जाड, खाली वाकलेले आणि पिवळसर नारिंगी झालेले असते. तिसरी, लांबी, जी साडेसात ते साडेआठ सेंटिमीटरपर्यंत जाते. अंगाचा रंग मात्र निर्णायक मानू नये. बहुतेक अळ्या हिरव्या असल्या तरी काही तपकिरी-गुलाबी छटेच्याही निघतात, आणि त्या वेगळ्या जातीच्या नसतात.

गफलत कुठे होते

झाड आधी ओळखा असे का म्हणतो ते इथे कळेल. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावरही हिरवी, डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी सापडते, पण तिला मागे शिंग नसते, आणि डिवचल्यास ती डोक्यामागून नारिंगी-तांबडा, दुभंगलेला, उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. ती लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखराची अळी होय. वांगी, तीळ किंवा पारिजातकावर शिंग असलेली मोठी अळी असेल आणि तिच्या अंगावर तिरके पट्टे असतील, तर ती पाठीवर कवटीसारखी आकृती असणाऱ्या डेथ्स हेड पतंगाची. अळूवर किंवा द्राक्षवेलीवर डोळ्यांची अळी दिसली तर तीही हॉक मॉथच असते, पण त्याच कुळातल्या वेगळ्या प्रजातीची. अनंताच्या झाडावरची शिंगवाली हिरवी अळी पारदर्शक पंखांच्या, दिवसा उडणाऱ्या हॉक मॉथची असण्याचा संभव मोठा.

कण्हेरीवर मात्र एक खरा शेजारी आहे. कॉमन क्रो या काळपट तपकिरी फुलपाखराची अळीही कण्हेर खाते. तिच्या अंगावर आडवे पट्टे आणि मऊ, काळ्या, लांब शृंगांच्या चार जोड्या असतात, तर तिचा कोष आरशासारखा चकचकीत असून पानाखाली लोंबतो. आपल्या पतंगाचा कोष कधीही पानाला लोंबताना सापडणार नाही. तो जमिनीवरच असतो.

रंग बदलला की घाई करावी

वाढ पूर्ण झाली की अळीचा हिरवा रंग एक-दोन दिवसांत मावळतो आणि पाठ काळपट तपकिरी होते. ती खाणे थांबवते, झाडावरून उतरते आणि अस्वस्थपणे फिरू लागते. जिन्यात, पार्किंगमध्ये, गच्चीच्या मोरीत दिसणाऱ्या आणि पायाखाली चिरडल्या जाणाऱ्या तपकिरी अळ्या बहुधा याच असतात. ती मरणपंथाला लागलेली नसते, कोषासाठी जागा शोधत असते. बागेत पालापाचोळा असेल तर ती त्यात शिरून काही रेशमी धाग्यांनी पाने सैलसर बांधते आणि आत कोष करते. ज्या सोसायटीत झाडांखालची जमीन रोज लख्ख झाडली जाते किंवा बुंध्यापर्यंत फरशी बसवलेली असते, तिथे अळीला ही जागाच मिळत नाही. कुंपणाच्या कडेला हातभर रुंदीचा पाचोळा राहू द्यावा, एवढी विनंती माळीबुवांना जरूर करावी.

कोष साडेपाच ते साडेसात सेंटिमीटर लांबीचा, फिकट तपकिरी असून त्यावर गडद बारीक ठिपके असतात; दोन्ही कडांनी श्वसनरंध्रांचे काळे ठिपके ओळीने दिसतात, आणि पोटाच्या बाजूला सोंडेच्या जागी मधोमध काळी रेघ असते. हातात घेतल्यास तो शेपटीकडचा भाग वळवतो. तो जिवंत असल्याची ही खूण. उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत पतंग बाहेर येतो. थंडीत याला जास्त काळ लागतो.

घरी वाढवायची असल्यास

एका वेळी एक-दोनच अळ्या ठेवाव्यात. जाळीचे झाकण असलेला मोठा डबा किंवा मच्छरदाणीच्या कापडाचा पिंजरा पुरतो. हवाबंद बरणी अजिबात नको, कारण आत पाणी साचते आणि अळ्या रोगाने दगावतात. ज्या झाडावर ती सापडली त्याच झाडाची फांदी द्यावी. तगरीवरच्या अळीला मध्येच कण्हेर देऊन प्रयोग करू नयेत. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवायची असेल तर बाटलीचे तोंड कापसाने गच्च बंद करावे, नाहीतर अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते. तळाशी कागद घालून रोज लेंड्या काढाव्यात, आणि पाने बदलताना अळीला चिमटीत न धरता जुने पानच तिच्यासकट नव्या फांदीवर ठेवावे. बाजारातून आणलेल्या रोपाची पाने देणे टाळावे, कारण त्यावर कीटकनाशक असू शकते.

पाठ काळवंडताच डब्यात पाच-सात सेंटिमीटर कोरडा पालापाचोळा किंवा कोकोपीट घालावे आणि डबा अंधाऱ्या, शांत जागी ठेवून काही दिवस उघडू नये. त्यानंतर अधूनमधून पाण्याचा अगदी हलका शिडकावा करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आत एक खडबडीत काटकी उभी तिरकी लावावी. बाहेर आलेल्या पतंगाचे पंख सुरुवातीला आखूड आणि चुरगळलेले असतात. तो वर चढून, पंख खाली लोंबतील असा टांगून राहिला तरच त्यांत द्रव पोहोचून ते पूर्ण उलगडतात. चढायला आधार मिळाला नाही तर पंख वाकडे सुकतात आणि तो कधीही उडू शकत नाही. पंख कडक होईपर्यंत त्याला हात लावू नये आणि सोडायचे ते अंधार पडल्यावरच. दिवसा सोडलेला पतंग कावळ्यांच्या हाती लागतो.

प्रौढ पतंग

पंखांचा विस्तार नऊ ते बारा सेंटिमीटर, शरीर जाड आणि मागे निमुळते, बसण्याची पद्धत त्रिकोणी. पुढच्या पंखांवर गडद हिरवा, शेवाळी, गुलाबी आणि पांढरट रंगांचे नागमोडी पट्टे असतात. पंख जिथे छातीला जोडलेला असतो त्या मुळाशी पाहावे: तिथे पांढुरक्या जागेत एक गडद हिरवा ठिपका असतो. मागचे पंख करडे-तपकिरी असून त्यांवर फिकट रेघ असते, पण बसल्यावर ते झाकलेले राहतात. याच्याच जवळचा डॅफ्निस हायपोथस हा पतंगही आपल्याकडे आहे. तो अधिक गडद असतो, आणि त्याच्या पुढच्या पंखाच्या अगदी टोकाशी छोटा पांढरा ठिपका असतो. कण्हेरीच्या पतंगाला तो नसतो. ही एक खूण पाहिली की दोघांत गोंधळ होत नाही.

त्याला उडताना पाहायचे असेल तर तिन्हीसांजेनंतर फुललेल्या मधुमालतीजवळ थांबावे. तिची नवी फुले संध्याकाळी पांढरी उमलतात आणि त्यांच्या लांब नळीतला मध हॉक मॉथच्या लांब सोंडेलाच पुरतो. पतंग फुलावर बसत नाही. हवेत एका जागी थरथरत सोंड आत घालतो आणि निघून जातो. पहाटे जिन्यातल्या किंवा फाटकावरच्या दिव्याखालच्या भिंतीवरही तो सापडतो.

फवारणीचा प्रश्न

मोठी तगर किंवा कण्हेर दोन-चार अळ्यांनी मरत नाही. पावसाळ्यात ती पुन्हा पालवते. रोप लहान असेल किंवा अडेनियमची किमती कुंडी असेल तर अळ्या हाताने उचलून कुंपणाच्या तगरीवर नेऊन सोडाव्यात, आणि पुढचे काही दिवस पानांखालची अंडी तपासत राहावे. एवढे पुरते. फवारणी केली तर अळीपेक्षा तिच्यावर जगणाऱ्यांचा जीव आधी जातो. अळीच्या अंगावर पांढरे, तांदुळासारखे लांबट दाणे चिकटलेले दिसले तर ती अंडी नसून परजीवी गांधीलमाशीचे कोष असतात. अळीच्या आत वाढून तिची पिल्ले बाहेर आलेली असतात. काही परजीवी माश्याही तिच्या कातडीवर अंडी घालतात. अशी अळी वाचत नाही, पण तिला नष्टही करू नये, कारण त्या गांधीलमाश्या पुढच्या पिढीच्या अळ्या आटोक्यात ठेवतात. भारद्वाज आणि बुलबुल उरलेले काम करतात.

नोंद कशी ठेवावी

छायाचित्र घेताना अळीचे तीन भाग स्वतंत्रपणे टिपावेत: छातीवरचा डोळा बाजूने, पोटाचा पांढरा पट्टा आणि शिंग. चौथे छायाचित्र झाडाच्या पानाफुलांचे हवेच, कारण त्याशिवाय ओळख सांगणाऱ्यालाही अडते. सोबत तारीख, गाव, झाडाचे नाव आणि मिलिमीटरमधली लांबी लिहावी. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात अनेक देशांत पतंगांच्या नोंदी एकाच वेळी केल्या जातात, आणि आपल्याकडे नेमका तो भर पावसाचा, अळ्यांचा काळ असल्यामुळे सुरुवातीला तो आठवडा चांगला. नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यास इतर अभ्यासक त्या तपासतात. कात टाकल्याची, रंग बदलल्याची आणि पतंग बाहेर आल्याची तारीख प्रत्येक अळीसाठी वेगळी ठेवली, तर आपल्या गावातल्या पावसाळ्यात आणि थंडीत तिला किती दिवस लागतात हे आपल्याच वहीत उतरते, आणि ते आकडे गावागणिक वेगळे निघतात.